आमची वाटचाल : गार्डन सेंटर, फार्म शॉप आणि ती जुनी अट

इंग्लंडमधल्या गार्डन सेंटरांना, म्हणजे रोपं आणि बागकामाचं सामान विकणाऱ्या दुकानांना, तिथेच फार्म शॉप, म्हणजे चीज-मटणासारख्या खाद्यपदार्थांचं दुकान, काढायची काउन्सिलची परवानगी मिळवून देणं हे आमच्या छोट्या फर्मचं काम. हत्यारं साधीच: लेझर मीटर, मोजणीचं चाक, १:१२५०चा नकाशा आणि काउन्सिलच्या दप्तरातलं मूळ परवानगीपत्र. ते पत्र हाती आल्याशिवाय आम्ही रेघ ओढत नाही.

१ सप्टेंबर २०२०ला दुकानं, कॅफे सगळं जागेच्या वापराच्या एकाच वर्गात, ‘क्लास ई’त गेलं. आमच्याहून कितीतरी मोठी एक सल्लागार कंपनी सांगत सुटली, आता वेगळी परवानगी काही लागत नाही, मटणाचा काउंटर खुशाल मांडा. आमची गिऱ्हाइकं तिकडे वळली. ते अजून सलतं, कारण सल्लाच चुकीचा होता. क्लास बदलला म्हणून मूळ परवानगीतली जुनी अट मरत नाही. ‘फक्त रोपं, बियाणं, खतं व बागकामाचं साहित्य विकावं’ असं लिहिलं असेल, तर चीजचा फ्रिज लावला की अटभंग. काउन्सिलने अटभंगाची नोटीस काढली तर तिच्यावर अपील नाही. शेतावर पिकलेलं तिथेच विकायला बहुधा परवानगी लागत नाही, पण बाहेरून माल आणणाऱ्या गार्डन सेंटरला त्याचा उपयोग नाही.

त्याच सुमारास आमचाही एक अर्ज बुडाला. नियोजन कायद्याच्या कलम ७३खाली अट बदलून मागितली, पण मूळ परवानगीच्या वर्णनातच ‘रोपवाटिका व रोपांची विक्री’ होतं. कलम ७३ने अट बदलते, वर्णन नाही. २०१९च्या अपील कोर्टाच्या निकालाने ते पक्कं झालेलं. फी गेली, हिवाळाभर हातात एकच काम उरलं. केंटमधल्या एका गार्डन सेंटरच्या मालकीणबाई मात्र हलल्या नाहीत. त्यांच्यावरच फर्म तगली.

त्यांच्यासाठी पूर्ण अर्ज केला: जुन्या काचेच्या शेडमध्ये १८० चौरस मीटरचं फार्म शॉप. १,००० च्या आत, म्हणून निर्णयाची मुदत १३ नव्हे, ८ आठवडे. गावातल्या बाजारपेठेवर परिणाम होईल हा आक्षेप येणारच होता, म्हणून अटी आम्हीच लिहून दिल्या: खाद्यपदार्थांच्या जागेला कमाल मर्यादा, गार्डन सेंटरच्याच वेळा, वेगळं दुकान म्हणून भाड्याने देणं नाही. फ्रिजचे दोन कंडेन्सर शेजाऱ्याच्या झोपायच्या खोलीसमोर येत होते. ते माल उतरवायच्या जागेमागे नेले आणि बीएस ४१४२ या ब्रिटिश मानकाप्रमाणे आवाजाचा अहवाल जोडला.

नवीन माणसांना सांगतो, नकाशावर अर्जाची जागा दाखवणारी लाल रेघ सार्वजनिक रस्त्याला टेकलीच पाहिजे. वाटेतला पट्टा दुसऱ्याचा असेल तर त्याला नोटीस देऊन मालकीचं प्रमाणपत्र ‘बी’ भरा, सगळी जागा आपलीच असल्याचं ‘ए’ नको. अर्ज इथेच परत येतात. आणि दहा वर्षं सलग, उघडपणे खाद्यपदार्थ विकले असतील तर आधी जुनी बिलं शोधा. कायदेशीर वापराचा दाखला मिळू शकतो.

बाईंची परवानगी सातव्या आठवड्यात आली. तिच्यावर नऊ अटी होत्या. त्यांतल्या पाच आमच्या मसुद्यातल्या, शब्दन्‌शब्द.