एक रूळ काढून टाकलेलं स्टेशन

लंडनच्या टॉवर गेटवे स्टेशनला पहिल्यांदा उतरलो तेव्हा माझा मस्त पोपट झाला होता. गाडी थांबली, मी आपला हाताशी असलेल्या दाराला चिकटून उभा, आणि उघडली ती पाठीमागची दारं. सगळा डबा तिकडून रिकामा झाला, मी वळतोय तोवर माझ्या समोरचंही दार उघडलं आणि बाहेर ताटकळलेली मंडळी आत घुसली, एका बाईंची बॅग थेट माझ्या पोटात, मी सॉरी सॉरी करत कसाबसा बाहेर. मग नीट बघितलं तर स्टेशनात रूळच एक! त्याच्या दोन्ही बाजूंना प्लॅटफॉर्म, एक उतरायला आणि एक चढायला.

तेव्हापासून या स्टेशनबद्दल मला उगाचच जिव्हाळा आहे. डीएलआर, म्हणजे डॉकलंड्स लाइट रेल्वे, 1987 साली सुरू झाली त्यातलं हे अगदी मूळचं स्टेशन, शहराच्या बाजूचं टर्मिनस. राणीने जुलैत उद्घाटन केलं पण लोकांना आत सोडलं ऑगस्टच्या 31 तारखेला. सगळा प्रकल्प 7 कोटी 70 लाख पौंडात बसवला होता, गाड्या मोजून 11, आणि एवढ्या कमी पैशात जमलं कारण बराचसा मार्ग जुन्याच रेल्वेचा वापरला. गोदी बंद पडलेली, जमिनी ओसाड, आणि विटांच्या कमानींवरून जाणारा जुना पूल तयारच होता.

आणि या पुलाचा इतिहास तर भन्नाट आहे. टॉवर गेटवे जिथे आहे तिथेच 1840 साली लंडन अँड ब्लॅकवॉल रेल्वेचं मिनरीज नावाचं स्टेशन होतं, आणि त्या रेल्वेला इंजिनच नव्हतं! म्हणजे इंजिनं होती पण ती दोन्ही टोकांना जागेवर बसवलेली, वाफेवर चालणारी, ती मैलोनमैल लांब दोर गुंडाळायची आणि डबे त्या दोराला अडकवलेले. जाताना प्रत्येक स्टेशन आलं की तिथला डबा दोरावरून सोडवायचा, तो ब्रेक लावत थांबायचा, बाकीचे पुढे. येताना त्याहून मजा, वेगवेगळ्या स्टेशनांवरचे डबे आपापल्या जागी दोराला अडकवून ठेवायचे, तयार आहोत असा तारेने निरोप जायचा आणि दोर ओढला की सगळीकडचे डबे एकाच क्षणी हलायचे, मग मिनरीजला एकामागोमाग एक येऊन पोचायचे. 1841 मध्ये मार्ग थोडा पुढे फेनचर्च स्ट्रीटपर्यंत नेला पण दोर मात्र मिनरीजलाच संपायचा, पुढचं अंतर डबे नुसत्या वेगावर घरंगळत कापायचे. दोर झिजायचे, तुटायचे, शेवटी 1849 मध्ये कंटाळून साधी वाफेची इंजिनं आणली आणि 1853 ला मिनरीज स्टेशनही बंद झालं.

गंमत बघा ना, त्याच जागी पुन्हा गाडी आली ती पण बिनड्रायव्हरची. डीएलआरची गाडी कॉम्प्युटर चालवतो, आत एक कर्मचारी असतो, तो दारं बघतो आणि गडबड झाली तर गाडी हातात घेतो.

पण टॉवर गेटवेचं नशीब काही खास नाही. पहिल्या दिवसापासून तक्रार एकच, अंडरग्राउंडला जोडलेलं नाही, जवळच्या टॉवर हिल या अंडरग्राउंड स्टेशनला जायचं तर खाली रस्त्यावर उतरून चालत जा. तिकडे डॉकलंड्समधल्या कॅनरी वॉर्फला टोलेजंग ऑफिसं उभी राहायला लागली, एवढी माणसं या खेळण्यातल्या स्टेशनातून जाणार कशी, म्हणून बोगदा खणून 1991 मध्ये डीएलआर थेट ‘बँक’ नावाच्या अंडरग्राउंड स्टेशनला नेली. गर्दी तिकडे गेली. पहिल्या गाड्या आगीच्या नियमांमुळे त्या बोगद्यात चालणार नव्हत्या, त्या पुढे जर्मनीत एसेनला विकल्या. आणि टॉवर गेटवे राहिलं धाकट्या भावासारखं, घरात आहे पण मोठ्याचंच कौतुक.

खरी दुरुस्ती झाली 2008-09 मध्ये. तोपर्यंत मधे एक अरुंद प्लॅटफॉर्म आणि दोन्ही अंगांना रूळ, त्यामुळे उतरणारे आणि चढणारे त्याच चिंचोळ्या पट्टीवर एकमेकांच्या अंगावर. गाड्या तीन डब्यांच्या करायच्या होत्या, म्हणजे गर्दी आणखी वाढणार, आणि पुलाला रुंदी कुठून आणणार? तर जूनअखेरीस स्टेशन बंद केलं आणि मार्चमध्ये उघडलं ते एक रूळ कमी करून! मला हा निर्णय फार आवडतो. वाढवायचं म्हटलं की आपण आधी जास्त काय बांधता येईल ते बघतो, इथे काढून टाकलं आणि जागा झाली. तोटा आहेच म्हणा, एका वेळी एकच गाडी आत राहू शकते, मागची आली तर तिने बाहेर थांबायचं, पण या स्टेशनला तेवढी वर्दळ नसते त्यामुळे भागतं.

आता मी तिथून बेक्टनची गाडी पकडतो तेव्हा लोक उतरून संपेपर्यंत चढायच्या बाजूला गुमान उभा राहतो आणि दार उघडलं की सरळ पुढच्या सीटकडे पळतो, वय विसरून, कारण ड्रायव्हरची केबिन नसल्यामुळे समोरची काच अख्खी आपली. सुटल्यावर लगेच, शॅडवेल यायच्या आधी, बँक स्टेशनकडून आलेले रूळ जमिनीतून वर येताना दिसतात. परवा त्यातून एक भरगच्च गाडी वर आली, आणि आमच्या डब्यात आम्ही सहाजण.