वाघबीळच्या चढाला बंद पडणारी आरएक्स

कार्बोरेटर तीनदा खोलून झाला होता. प्लग नवा, कॉइल नवी, पेट्रोलची नळी नवी. तरी १९९३ ची ती यामाहा आरएक्स १०० मोटारसायकल रोज सकाळी पन्हाळ्याच्या वाटेवरच्या वाघबीळच्या चढाला बंद पडायची. मालक कामाला रोज कोल्हापूरहून पन्हाळ्याला जातात. गाडी माझ्याकडे आली तेव्हा दोन गॅरेज फिरून झाली होती आणि ती विकायची बोलणी सुरू होती.

"शिवाजी पुलापासनं केर्लीपर्यंत झकास पळत्या ओ मिस्त्री. चढ लागला की दोन-तीन मिनिटांत धाप लागल्यागत करत्या आणि बंद. बघावं तर टाकीत पेट्रोल असतंय. किक मारली की परत चालू."

"पेट्रोल बघायला झाकण दरवेळी उघडताय?"

"उघडल्याशिवाय कळणार कसं? हिला काटा कुठाय?"

या उत्तरामुळं मी कार्बोरेटरला त्या दिवशी लगेच हात लावला नाही. जुन्या गाडीला पेट्रोल कमी पडतंय असं दिसलं की सगळे सरळ कार्बोरेटर उतरवतात. पण पेट्रोलची वाट टाकीच्या झाकणापासून सुरू होते. झाकणाचं हवेचं भोक, कॉकची जाळी, कॉक, नळी, पेट्रोल आत सोडणारी-थांबवणारी फ्लोट नीडल, कार्बोरेटरच्या तळाची पेट्रोल साठणारी वाटी आणि मग जेट, म्हणजे मापाचं भोक असलेला पितळी तुकडा. वरून खाली याच क्रमानं तपासलं तर निम्म्या गाड्यांचा कार्बोरेटर उघडावाच लागत नाही.

आधी ठिणगी. प्लग काढला, टोपीला लावून सिलिंडरच्या फिनला टेकवला आणि किक मारली. ठिणगी निळी, जोरदार. इंजिन गरम झाल्यावर पुन्हा बघितली, तशीच. कॉइल तापून सुटत असती तर इथं कळलं असतं. प्लगचं टोक पांढरट आणि कोरडं होतं. वाटीत पेट्रोल तुंबून गाडी बंद पडते तेव्हा प्लग ओला निघतो. इथं पेट्रोलची भूक होती. टू-स्ट्रोकमध्ये ही भूक धोक्याची. आरएक्सला ऑइलचा पंप वेगळा आहे, त्यामुळं ऑइल येत राहतं, पण मिश्रण पातळ झालं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडलं, की पिस्टनचा माथा भलताच तापतो. आणखी महिनाभर ती अशीच चढवली असती तर पिस्टन जाम होण्याची भीती होती.

मालकांचा संशय पेट्रोलात मिसळलेल्या इथेनॉलवर होता. तोही तपासला. मोजपात्रात १० मिली पाणी घेतलं, वर १०० च्या खुणेपर्यंत टाकीतलं पेट्रोल भरलं, बूच लावून हलवलं आणि दहा मिनिटं ठेवलं. इथेनॉल पाण्यात उतरतं, त्यामुळं खालचा थर वाढतो. तो २८ मिलीवर थांबला. म्हणजे ९० मिली पेट्रोलात १८ मिली इथेनॉल, बरोबर २० टक्के. पंपावर हल्ली हेच मिळतं. टाकीच्या तळाचं पेट्रोल वेगळ्या काचेच्या बाटलीत धरलं, त्यात पाण्याचा थर नव्हता, गढूळपणा नव्हता. वीस टक्के इथेनॉलमुळं जुन्या कार्बोरेटरचं मिश्रण सात-आठ टक्के पातळ होतं हे खरं, पण त्यानं गाडी केर्लीपर्यंत झकास आणि वाघबीळला बंद अशी वागत नाही.

मग धार मोजली. इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं, गाडी दाराबाहेर उघड्यावर घेतली, वाळूची बादली जवळ ठेवली आणि आजूबाजूला कुणी विडी ओढत नाही हे बघितलं. कार्बोरेटरकडची नळी काढून मोजपात्रात सोडली, कॉक चालू केला आणि घड्याळ लावलं. झाकण उघडं असताना मिनिटाला १८० मिली. दुसऱ्या मिनिटालाही १८०. कॉक, जाळी, नळी सगळं निर्दोष. मागचे मिस्त्री इथवर आले असतील तर त्यांनाही हेच दिसलं असणार.

नंतर झाकण बंद केलं, लॉक केलं आणि तीच मोजणी पुन्हा. पहिल्या मिनिटाला ९० मिली. दुसऱ्याला ३८. तिसऱ्याला २६. चौथ्याला २५, आणि पुढं तिथंच. धार बारीक होत होत दोऱ्यासारखी झाली. मी झाकण उघडलं तसा फस्स करून हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि खाली धार पहिल्यासारखी जाड झाली.

पेट्रोल नुसत्या वजनानं खाली येतं, आरएक्सला पेट्रोलचा पंप नाही. टाकीतली पातळी वाटीपेक्षा २०-२५ सेंटिमीटर वर असते, तेवढाच काय तो जोर. जेवढं पेट्रोल खाली जाईल तेवढी हवा वरून आत यायला हवी. ती आली नाही की टाकीत ओढ तयार होते, आणि एवढासा जोर मोडायला वातावरणाच्या दाबाच्या दोन टक्केसुद्धा ओढ लागत नाही. टाकी जितकी भरलेली, तितकी वर मोकळी जागा कमी आणि ओढ तितकी लवकर. टाकी फुल केल्या दिवशी गाडी आधी बंद पडते ही तक्रार ऐकली की झाकणच आठवावं.

आता हिशेब. सपाट रस्त्याला ताशी ४५ च्या वेगानं ही गाडी लिटरला ४० किलोमीटर देते. म्हणजे तासाला सव्वा लिटरच्या आत, मिनिटाला साधारण १९ मिली. बंद झाकणातून २५ येतंय, म्हणून केर्लीपर्यंत झकास. चढाला वेग ४० आणि लिटरला २० किलोमीटर धरा. तासाला दोन लिटर, मिनिटाला ३३ मिली. आठ मिलीची तूट. वाटीतलं पेट्रोल मोजलं तर १८ मिली भरलं. तूट त्यातून भागते, वाटी तळाला गेली की मेन जेट पेट्रोलाबरोबर हवाही ओढायला लागतो. १८ मिलीला मिनिटाला आठची तूट, म्हणजे साधारण सव्वादोन मिनिटं. मालक सांगत होते तेवढीच. आणि गाडी थांबली की ते झाकण उघडत होते, म्हणजे दरवेळी नकळत दोष काढून टाकत होते. गॅरेजमध्ये टाकी रिकामी करायलाही झाकण उघडलं जायचं, म्हणून चाचणीला गाडी नीट चालायची.

झाकण खोललं. आतल्या पत्र्याला जेमतेम एक मिलिमीटरचं हवेचं भोक असतं. ते दिसतच नव्हतं, त्यावर रबराचं वॉशर येऊन बसलं होतं. दोन महिन्यांपूर्वी टाकी आतून गंज काढून रंगवलेली. त्या वेळी जुनं वॉशर फाटलं, म्हणून सायकलच्या ट्यूबमधून कापून नवं बसवलेलं. कापताना माप बरोबर होतं. पण ट्यूबचं रबर पेट्रोलाच्या वाफेत फुगतं. बाहेरून झाकणाची कडा असल्यानं त्याला बाहेर सरकायला जागा नाही, ते आतल्या बाजूला वाढत गेलं आणि भोकावर चढलं. बोटानं दाबलं तर ओल्या स्पंजासारखं मऊ लागत होतं. पहिले तीन आठवडे गाडी चांगली का चालली, याचं उत्तर त्यातच होतं.

भोक बारीक तारेनं मोकळं करून हवा मारली. पेट्रोलात सहसा न फुगणाऱ्या नायट्राइल रबराचं तयार वॉशर घातलं. झाकण बंद ठेवून पुन्हा मोजलं: १७५, १७५, १७५, १७५.

इथं काम संपायला हवं होतं. मी गाडी रस्त्यावर काढली तर अर्ध्या थ्रॉटलपर्यंत ठीक, पूर्ण थ्रॉटलला मात्र भडभड करून जड व्हायला लागली. मागं काळा धूर. तसंच पळवून, क्लच दाबून चावी बंद केली आणि प्लग काढला. काळा, ओला, काजळी बोटाला लागणारी. सकाळी उपाशी असलेली गाडी आता जास्त खात होती.

आता मात्र कार्बोरेटर उघडला. मेन जेट काढून खिडकीच्या उजेडात धरला, शेजारी त्याच नंबरचा नवा कोरा जेट. नव्याचं भोक गोल, कडा स्वच्छ. जुन्याचं लांबट, काठावर चमकणारे ओरखडे. गाडीला पेट्रोल कमी पडतंय म्हणून कुणीतरी त्यातून तार फिरवून भोक वाढवलं होतं. पितळ मऊ असतं, स्टीलची तार त्याला सहज खाते, आणि वरचा नंबर जसाच्या तसा राहतो. म्हणून जेट साफ करायचा तर क्लीनरमध्ये भिजवून हवा मारायची, फार तर नायलॉनचा धागा घालायचा. झाकणाच्या भोकाला तार चालते, कारण तिथं मापाचा प्रश्न नाही. जेटमध्ये मापच सगळं काम करतं.

नवा जेट बसवला. थ्रॉटलबरोबर वर-खाली होणाऱ्या नीडलला (ही फ्लोट नीडलहून वेगळी) पाच खाचा असतात, क्लिप मधल्या खाचेत होती. ती एक खाच खाली घेतली, म्हणजे नीडल तेवढी वर उचलली जाते आणि मधल्या थ्रॉटलला थोडं जास्त पेट्रोल जातं. वीस टक्के इथेनॉलसाठी जुन्या टू-स्ट्रोकला एवढं मी देतोच. एअर स्क्रू पूर्ण आत घेऊन दीड फेरा बाहेर काढला, आणि इंजिन गरम झाल्यावर स्लो, म्हणजे थ्रॉटल न देता चालणारं इंजिन, सर्वांत स्थिर लागेल तिथं पाव फेऱ्यात बसवला. या मिकुनी कार्बोरेटरला हा स्क्रू फिल्टरच्या बाजूला असतो, आत घेतला की मिश्रण दाट होतं. इंजिनच्या बाजूला स्क्रू असलेल्या कार्बोरेटरला बरोबर उलटं, तिथं बाहेर काढला की दाट. ही अदलाबदल करून बिघडवलेल्या गाड्या दर महिन्याला येतात.

संध्याकाळी मालक मागं बसले, टाकी फुल केली आणि वाघबीळपासून पन्हाळ्याच्या नाक्यापर्यंत तिसऱ्या गिअरमध्ये चढवली. झाकण एकदाही उघडलं नाही. नाक्यावर प्लग काढला, टोक चहाच्या रंगाचं, कोरडं.

ट्यूबचं ते वॉशर बाकावर तसंच पडलं होतं. तीन दिवसांनी उचलून बघितलं तर सुकून आकसलं होतं. झाकणावर ठेवलं तर हवेचं भोक पूर्ण मोकळं दिसत होतं.