गृहीत काय धरलंय?

आमच्या गणिताच्या सरांचा ऑफ तास म्हणजे जुगाराचा अड्डा, असं शेजारची तुकडी म्हणायची. खोटं नव्हतं. संभाव्यता शिकवायची तर सर फासे नि पत्त्यांचा कॅट घेऊनच वर्गात येत. (एका पालकांनी हरकत घेतली होती, प्रकरण मुख्याध्यापकांच्या खोलीतच मिटलं.) पण सरांची एक अट असे. उदाहरण सोडवण्याआधी वहीत डाव्या बाजूला 'गृहीत' लिहायचं आणि त्याखाली प्रश्नात न सांगितलेलं, पण आपण मुकाट्याने मानलेलं सगळं मांडायचं. फासा घासलेला नाही. पत्ते नीट पिसलेत. वाटणारा लबाड नाही.

याचा खरा अर्थ कळला तो तीन दारांच्या कोड्यात. सरांच्या अमेरिकेतल्या भाच्याने कात्रणं पाठवली होती. एका दारामागे मोटार, दोघांमागे बकऱ्या. तुम्ही दार निवडता, खेळ चालवणारा उरलेल्यांतलं बकरीचं दार उघडतो आणि विचारतो, बदलणार का? 1990 साली 'परेड' साप्ताहिकात मॅरिलिन व्हॉस सॅव्हंट यांनी 'बदला, जिंकण्याची शक्यता दोन तृतीयांश' असं लिहिलं आणि त्यांच्यावर सुमारे 10,000 पत्रांचा पाऊस पडला. आडनाव 'सावंत' वाचून आम्ही उगाचच त्यांच्या बाजूचे!

सरांनी टेबलावर खडूच्या तीन रिकाम्या पेट्या उपड्या ठेवल्या आणि एकीखाली पेनचं टोपण दडवलं. पहिल्या दिवशी ते प्रत्येक वेळी रिकामी पेटी उचलून बदलायची संधी देत होते. बदलणारे धडाधड जिंकले. दुसऱ्या दिवशी बदलणारा प्रत्येक जण हरला. मागच्या बाकावरून ओरडा झाला, "सर, तुम्ही बरोबर पेटी धरणाऱ्यालाच विचारताय!" चुकीची पेटी धरली की सर काही न विचारता तीच उघडून मोकळे होत होते.

"मग? तसं करायचं नाही, असं कोड्यात कुठे लिहिलंय?"

खुद्द माँटी हॉलने, ज्याच्या टीव्हीवरच्या खेळावरून हे कोडं निघालं त्याने, 1991 साली 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या बातमीदाराला असंच खेळून हरवलं होतं. म्हणजे दोन तृतीयांश हे उत्तर केव्हा? तर मोटार कुठे आहे हे त्याला ठाऊक असेल, तो दर वेळी बकरीचंच दार उघडत असेल आणि दर वेळी विचारत असेल तेव्हा. ठाऊक नसताना त्याने सहज दार उघडलं आणि नशिबाने बकरी निघाली, तर बदला नाहीतर राहा, निम्मी-निम्मीच शक्यता. हे तिसरं प्रकरण आम्हाला फार छळायचं. डोळ्यांपुढे बकरी तीच, उत्तर मात्र वेगळं!

पुढे चाचणीत प्रश्न आला: एक फासा चार वेळा टाकला, तर निदान एकदा सहा पडण्याची शक्यता किती? बहुतेकांनी 671/1296 काढलं. आमच्यातल्या एकाने नुसतं लिहिलं, 'फासा सरांचा असल्यास सांगता येत नाही.' त्याला पूर्ण गुण मिळाले आणि आम्ही आठवडाभर धुसफुसत होतो.