उसवण

दुपारी दोनच्या सुमारास हॉलमध्ये ‘टप्’ असा आवाज झाला. पाल पडली असेल म्हणून आधी पाय वर घेतले, मग पाहिलं. मॉन्स्टेराचं पान होतं. ताटाएवढं, पिवळंधम्मक, देठासकट फरशीवर पालथं.

लगेच उरलेली पानं मोजली. सात. वरचं नवं पान उलगडून आठवडा झाला नसेल, तोवर खालचं म्हातारं गेलं. एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनातून हे झाड आणलं तेव्हा सात पानं होती, दीड वर्षानंतरही सातच. (मोजायची सवय आहे मला. जिन्याच्या पायऱ्याही मोजतो. असो.)

पुण्यात झाडाचं पान पिवळं पडलं की सल्ल्यांना तोटा नसतो. पाणी जास्त होतंय, पाणी कमी पडतंय, चहाचा चोथा घाला, चोथा चुकूनही घालू नका. पाण्याचं मात्र खरं निघालं. सकाळी मी घालत होतो, दुपारी कामाच्या मावशी घालत होत्या आणि दोघांचाही एकमेकांना पत्ता नव्हता. मातीला ओल्या गोणपाटासारखा वास यायला लागला तेव्हा उलगडा झाला. मुळांनाही हवा लागते, सततच्या चिखलात ती कुजतात. आता बोट दोन पेरं मातीत खुपसायचं, कोरडं लागलं तरच पाणी. मावशींना हे पटलेलं नाही. “तहान लागलीय का हे बोट घालून बघतात होय?” म्हणाल्या.

वास गेला. सातचे आठ काही झाले नाहीत.

मग खिडकीकडे लक्ष गेलं. शेजारची तीन मजली सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली आणि तिथे अकरा मजले उभे राहिले. आमच्याकडे आता भर दुपारी ट्यूब लावावी लागते. हे झाड मूळचं दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या जंगलांतलं. तिथे मोठ्या झाडाचं खोड धरून ते उजेडाकडे चढत जातं, आणि अंधारात पडलेल्या खालच्या पानांचा खर्च पुढे चालवत नाही. आमच्या हॉलमधल्या उजेडावर सात पानांचंच भागत असणार. त्यात कुंडीही अजून तीच, आठ इंची.

पण पान टाकण्याआधी त्यातलं काढून घेण्यासारखं ते काढून घेतं. नायट्रोजन, मॅग्नेशियम, पोटॅश खालून सुटतं आणि वरच्या कोवळ्या गुंडाळीकडे जातं. हिरवा रंग मोडला की आत आधीपासून असलेला पिवळा उघडा पडतो. लोहाला असं हलता येत नाही, म्हणून ते कमी पडलं तर नवी पानंच आधी फिकटतात. मी इतके दिवस पान जरा पिवळं दिसलं की कात्री लावायचो. पाहुणे काय म्हणतील! म्हणजे अर्धं उसवलेलं काम मी दर वेळी मधेच तोडत होतो.

उसवलेलं म्हटलं आणि आजीची ट्रंक आठवली.

दिवाळी झाली की ती उघडायची. काकाचा कोपरावर विरलेला मरून स्वेटर बाहेर निघायचा. आधी शिवणी सोडवायची, मग लोकरीचं नेमकं टोक शोधत बसायची. ते सापडलं की सरसर ओळीमागून ओळ सुटत जाई. मी समोर पाटावर, दोन्ही हात ताठ पुढे, त्यांवर लडी. नाक खाजलं तरी हात खाली घ्यायचा नाही. “हललास तर बघ!” उसवलेली लोकर मॅगीसारखी कुरळी असायची (मॅगी तेव्हा यायची होती). ती धुऊन, लडीला खाली पाण्याचा तांब्या अडकवून वाड्याच्या दांडीवर टांगली की दोन दिवसांत सरळ व्हायची. काकाच्या स्वेटरचा माझा झाला, माझ्यातून धाकट्या बहिणीचा, तिच्यातून चुलत भावाचं टोपडं. विरलेली लोकर दर वेळी बाजूला पडे, त्यामुळे पुढची वस्तू आधीपेक्षा लहानच.

आजीचा स्वतःचा एक राखाडी स्वेटर होता, पूर्ण बाह्यांचा. माझ्या माकडटोपीला लोकर कमी पडली त्या वर्षी त्याच्या बाह्या गेल्या. नंतर कुणाच्या तरी पायमोज्यांसाठी खालची चार बोटं गेली. “पुण्यात आता कुठे पूर्वीसारखी थंडी पडते,” म्हणायची.

डिसेंबरातला एक फोटो आहे. आम्ही पाच नातवंडं वाड्याच्या पायऱ्यांवर, पाचही जण स्वेटरांत. मधोमध ती, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतलेला.