दिलेलं प्यादं परत आलंच नाही

आज सोलापुरात बुद्धिबळाची रॅपिड (कमी वेळाच्या डावांची) स्पर्धा. चौथ्या फेरीत समोर जेमतेम अकरा वर्षांचा पोरगा, खुर्चीवरून पाय जमिनीला टेकेनात. म्हटलं, याला किंग्ज गॅम्बिट (सुरुवातीलाच प्यादं देऊन हल्ला चढवायची चाल) दाखवू. दुसऱ्याच खेळीला एफ४ घरात प्यादं, तेही फुकट. पठ्ठ्यानं खाल्लं, वर जी५-जी४ करत माझा घोडा ई५ वर हाकलला. थेट १९६० चा, स्पास्की-फिशर या दिग्गजांचा डाव! तिथं पांढऱ्याकडून स्पास्की जिंकला होता, म्हणून मी निवांत (हाच तो मूर्खपणा). अठराव्या खेळीला उंट उचलायला गेलो अन् बोटं वजिराला लागली. टच मूव्ह! हात लागला की तीच सोंगटी हलवायची. वजीर गेला. पोरगं हात मिळवत म्हणालं, “काका, पाणी प्या की.”

घरी कडक भाकरी, शेंगा चटणी. बायकोनं विचारलं, “किती पॉइंट?” म्हटलं, “चटणी झकास झालीय.”