“दोन वर्षं झाली, अजून बोलत नाही. आम्ही घरी काय करू?”

वाचा-उपचारतज्ज्ञ म्हणून काम करताना गेल्या १८ वर्षांत मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न वर लिहिला आहे. विचारणारी बहुधा आई असते, शेजारी आजी बसलेल्या असतात, आणि मी काही बोलण्याआधीच आजी सांगतात, “याचा बापही तीन वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता.” सुनेला धीर द्यावा हाच त्यांचा हेतू असतो. परंतु उशिरा बोलणे घराण्यात चालत येऊ शकते. त्यामुळे वडील उशिरा बोलले असतील तर मुलाकडे अधिक लक्ष द्यायला हवे. अशी पुष्कळ मुले पुढे बरोबरीला येतात हे खरे आहे, पण त्यांतले कोणते येईल आणि कोणते मागे राहील हे दुसऱ्या वर्षी कोणालाही खात्रीने सांगता येत नाही, म्हणून ‘थांबा, बोलेल’ असे मी कधीच सांगत नाही.

घरच्या प्रयत्नांच्या आधी कान तपासून घ्यावेत. दार वाजले की मूल वळून पाहते, म्हणजे त्याला नीट ऐकू येते, असे आपण धरून चालतो. पण सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचलेल्या मुलालाही भांडे पडल्याचा आवाज येतो, बोलण्यातले हलके ध्वनी मात्र निसटतात. ऐकू येते का हे यंत्राने पाहणाऱ्या ओएई आणि बेरा या तपासण्यांमध्ये मुलाला काही सांगावे लागत नाही, त्या झोपलेल्या बाळाच्याही होतात. नावाने हाक मारल्यावर मूल पाहत नसेल, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसेल, किंवा आलेले शब्द गेले असतील, तर बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवावे. जिभेखालची तार कापून किंवा वेखंड चाटवून मुलाला शब्द येत नाहीत. त्यात महिने घालवू नयेत.

आता घरचे. गेल्या पावसाळ्यात सव्वादोन वर्षांचा एक मुलगा आला होता. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात थोडे चुरमुरे घालून तो मी त्याच्यापुढे ठेवला आणि आईला म्हटले, घरी खेळता तसेच खेळा. “हे काय आहे? डबा आहे ना? बोल, डबा. डबा म्हण ना. आत काय आहे?” चार मिनिटांत मी ३१ प्रश्न मोजले. मुलाने डबा हलवून पाहिला, खुळखुळ आवाज आला, त्याने आईकडे पाहिले, आणि नेमक्या त्या क्षणी पुढचा प्रश्न आला. तो उठून खिडकीकडे निघून गेला.

आईची यात चूक नव्हती. शिकवायचे म्हटले की आपण सगळेच प्रश्न विचारू लागतो. मी तिला जमिनीवर मुलाच्या समोर बसायला सांगितले: तो जे करतो आहे त्याला एक-दोन शब्द द्या आणि मग मनात सातपर्यंत आकडे मोजा. डबा हलला. “खुळखुळ,” ती म्हणाली आणि थांबली. ही शांतता आईला फार जड जाते, हे मी रोज पाहते. मुलाने झाकण ओढून पाहिले, निघेना, तेव्हा त्याने डबा तिच्या मांडीवर ठेवून ‘अं’ केले. “उघड,” असे म्हणून तिने डबा उघडला, चार चुरमुरे दिले आणि झाकण पुन्हा लावले. पाचव्या खेपेला तो “उग” म्हणाला. ती त्याला दुरुस्त करणार होती, इतक्यात मी तिच्या हातावर हात ठेवला. “हो, उघड! डबा उघड,” एवढेच म्हणायचे: त्याचाच शब्द पूर्ण करून, वर एक शब्द जोडून परत द्यायचा.

यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. आंघोळीच्या वेळी “पाणी… गार पाणी,” कपडे घालताना “हात आत,” भूक लागली की दोन्ही वस्तू समोर धरून “दूध की केळं?” एवढे पुरते. मुलाने पाहण्याआधीच वाटी भरणाऱ्या आजींना मी क्षणभर थांबायची विनंती करते. मात्र ‘बोलल्याशिवाय देणार नाही’ असा हट्ट कोणीही धरू नये. त्याने बोट दाखवले तरी ते मागणेच आहे. मोबाइलवरची बडबडगीते ऐकून मूल शिकेल असे वाटते, पण मोबाइल मुलासाठी थांबत नाही आणि त्याच्या ‘उग’ला उत्तर देत नाही. दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते.

घरात दोन भाषा आहेत म्हणून मूल मागे पडले, असे सांगून कोणी मराठी बंद करायला लावते, तेव्हा मला मनापासून वाईट वाटते. दोन भाषांमुळे बोलणे रखडत नाही. ज्या भाषेत तुम्ही सहज लाड करता आणि रागावता, तीच मुलाशी बोला, आणि शब्द मोजताना सर्व भाषांतले मोजा.

खासगी उपचार परवडत नसतील तर अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या पथकाला सांगा. २०१३मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात विकासातील विलंबाची तपासणी आणि पुढील उपचार मोफत आहेत. पथक मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवते. मुंबईच्या आसपास राहणाऱ्यांना वांद्रे येथील, वाचा आणि श्रवणदोषांवर काम करणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. कोठेही गेलात तरी उपचार करणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे ना, हे विचारा. जाताना मुलाच्या शब्दांची यादी न्या. दोन वर्षांच्या सुमारास पन्नासेक शब्द आणि ‘बाबा ये’ अशी जोडी असावी, असा आमचा ढोबळ अंदाज असतो. यादी घरातल्या सर्वांना विचारून करा, आणि भू-भू, हम्मा, भुर्र हेही त्यात लिहा, कारण तेही शब्दच आहेत.