फोटोंचं दुसरं घर

लातुरात आमच्या घरी पुस्तकांच्या फळीवर एक जुना लॅपटॉप झाकण मिटून दिवसरात्र चालू असतो. त्यावर डेबियन ही मुक्त (ओपन सोर्स) ऑपरेटिंग सिस्टिम आहे, आणि डेबियनवर इमिच. इमिच ही फोटो सांभाळणारी मुक्त प्रणाली. घरातल्या चौघांच्या मोबाइलमधले फोटो रोज रात्री आपोआप तिथे उतरतात.

सुरुवात जागा संपण्यापासून झाली. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजवर चढवलेले नवे फोटो १५ जीबीच्या हिशेबात धरले जाऊ लागले, आणि दोन लेकरांच्या घरात १५ जीबी किती दिवस पुरणार? पैसे देऊन जागा घेण्यात मला गैर काही वाटत नाही. पण आपल्याच लेकरांचे फोटो बघायला कायमचं भाडं भरत राहायचं, आणि उद्या काही कारणाने खातं बंद पडलं तर दाद मागायला कुठे जायचं, हे मनाला पटेना.

लॅपटॉप आय-थ्री प्रोसेसरचा, कपाटात पडून असलेला. रॅम ४ जीबीवरून ८ केली, फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली. डेबियन बसायला अर्धा तास लागला, डॉकर कंपोज या प्रोग्रॅम उभे करणाऱ्या साधनाने इमिच उभं राहायला आणखी अर्धा. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपायचा. झाकण मिटल्यावर काय करायचं ते ठरवणाऱ्या लॉगइनडीच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'हँडल लिड स्विच'पुढे 'इग्नोर' लिहिलं आणि ते थांबलं. इथवर काही अवघड नव्हतं.

अवघड होती लाइट. लॅपटॉपला बॅटरी आहे, म्हणजे लाइट गेली तरी चिंता नाही, असं मी धरून चाललो होतो. फोटो मात्र बाहेरच्या मोठ्या डिस्कवर होते आणि त्या डिस्कला स्वतःचा अडॅप्टर होता. लाइट गेली की लॅपटॉप जागा, डिस्क बंद. दोन मिनिटांनी लाइट आली की तीच डिस्क एसडीबीऐवजी एसडीसी नावाने उगवायची आणि इमिच जुन्या नावाकडे बघत चुका देत बसायचं. एकदा तर फाइल सिस्टिम 'रीड ओन्ली' झाली, म्हणजे तिच्यावर काही लिहिताच येईना. एफएससीके ही डिस्क तपासून दुरुस्त करणारी आज्ञा चालवून ती दुरुस्त होईपर्यंत मी जागचा हललो नाही.

त्यावर दोन गोष्टी केल्या. कुठली डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या एफस्टॅब फाइलमध्ये नावाऐवजी डिस्कचा यूयूआयडी, म्हणजे तिचा ओळख क्रमांक, लिहिला. तो बदलत नाही. आणि अडॅप्टरवाली डिस्क काढून यूएसबीवरच चालणारी अडीच इंची डिस्क लावली, म्हणजे तिलाही लॅपटॉपच्या बॅटरीचाच आधार मिळाला. मराठवाड्यात जुन्या लॅपटॉपचा सर्व्हर करणाऱ्याला मी ही गोष्ट सगळ्यात आधी सांगतो.

मे महिन्यात दुसरी अडचण आली. बाहेर पारा चाळिशीच्या वर आणि आत इमिचचं चेहरे ओळखण्याचं काम चालू. ते काम कुठल्या कंपनीकडे न जाता घरच्याच प्रोसेसरवर होतं, याचं मला मोल वाटतं. पण त्याचा ताप त्या प्रोसेसरलाच सोसावा लागतो. लॅपटॉपखाली लाकडाच्या दोन पट्ट्या ठेवून हवेला वाट केली, एका वेळी एकच काम चालेल अशी सेटिंग केली आणि ते रात्रीवर ढकललं. जुने फोटो पुरे व्हायला आठ-दहा रात्री गेल्या.

घराबाहेरून फोटो दिसावेत म्हणून राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आत यायला दार उघडणं) करत दोन आठवडे घालवले. काही केल्या दार उघडेना. शेवटी राउटरला मिळालेला पत्ता नीट पाहिला, तो १०० ने सुरू होणारा. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा सीजीनॅटसाठी राखलेला आहे: इंटरनेटवरचे आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे पत्ते जेमतेम ४२९ कोटी, ते पुरत नाहीत म्हणून सेवा देणारे अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. मी माझ्या राउटरमध्ये दार उघडत होतो, पण वेशीचं दार माझ्या हातात नव्हतं. मग आपली यंत्रं खासगी जाळ्यात जोडणारं, वायरगार्ड या कुलूपबंद जोडणीवर चालणारं टेलस्केल घेतलं. त्याची यंत्रांची एकमेकांशी गाठ घालून देणारी बाजू कंपनीकडे असते. हेडस्केल नावाचा मुक्त पर्याय आहे, पण तो चालवायला बाहेर दिसणारा पत्ता लागतो, आणि तोच माझ्याकडे नाही. सध्या ही तडजोड मी मान्य केली आहे.

जुने फोटो गूगलच्या टेकआउट या सोयीतून उतरवले. ते नुसते कॉपी केल्यावर कित्येकांवर उतरवल्याच्या दिवसाचीच तारीख पडली, मुलीचं बारसं आणि तिच्या शाळेचा पहिला दिवस एकाच तारखेला. खऱ्या तारखा सोबतच्या जेसन फाइलींमध्ये असतात. इमिच-गो हे साधन त्या वाचून फोटो चढवतं. सगळं पुसून पुन्हा केलं.

हे पुरं झाल्यावर टीव्हीवर लावून आईला दाखवलं. तिने सगळे फोटो शांतपणे पाहिले आणि विचारलं, "हे सगळं त्या एका डबड्यात हाय? आन् घर पडल्यावर?"

१९९३ साली अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपले आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमचं गावातलं दगडमातीचं घर तेव्हा पडलं. तसबिरी, आईच्या लग्नाचा अल्बम, सगळं ढिगाऱ्यात गेलं. आजोबांचा एकच फोटो राहिला, तो निलंग्याला आत्याच्या घरी होता म्हणून. आता माझ्याकडे बॅकअप होता, पण त्याच लॅपटॉपला जोडलेल्या दुसऱ्या डिस्कवर, त्याच फळीवर. 'एकाच ठिकाणी ठेवू नका' हे इमिचवालेही बजावतात; मी ते वाचून पुढे गेलो होतो.

मग नांदेडला ताईच्या घरी रास्पबेरी पाय हा एक छोटा संगणक ठेवायचं ठरवलं. बॅकअपसाठी रेस्टिक घेतलं, कारण ते फोटो कुलूपबंद करूनच पाठवतं आणि बदललेलं तेवढंच पाठवतं. पहिली पूर्ण प्रत इंटरनेटवरून जायला फार दिवस लागले असते, म्हणून ती लातुरातच डिस्कवर घेतली आणि डिस्क मांडीवर धरून एसटीने नांदेडला गेलो. ताई म्हणाली, "लाइट-बिल किती येईल रे ह्याचं?" मोबाइलचाच चार्जर आहे असं समज, म्हटल्यावर तिने टीव्हीमागची जागा दिली. रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर प्रत असून नसल्यासारखी, म्हणून तो कागदावर लिहून एक ताईच्या कपाटात आणि एक आईच्या डब्यात ठेवला आहे.

नुसत्या फोटोंनी भागत नाही. अल्बम आणि चेहऱ्यांची नावं डेटाबेसमध्ये असतात. इमिच त्याची प्रत रोज पहाटे २ वाजता काढतं, तीही नांदेडला जाते. शिवाय स्टोरेज टेम्प्लेट चालू केलं आहे, म्हणजे उद्या इमिच नसलं तरी साल-महिन्याच्या फोल्डरांत फोटो कुणालाही सापडतील.

दिवाळीच्या आधी लातूरची डिस्क मुद्दाम काढून ठेवली आणि कोऱ्या डिस्कवर नांदेडहून आजोबांच्या फोटोचं फोल्डर परत आणलं. आईला दाखवलं. तिने फोटो मोठा करायला लावला, फेट्याचा काठ पाहिला आणि म्हणाली, आत्याच्या ट्रंकेत अजून असतील. पुढच्या रविवारी स्कॅनर घेऊन निलंग्याला जायचं आहे.